टिटवीभोवतीचे दगड

मुलगी उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड मैदानात पाणपक्ष्यांच्या पिलांची वाढ नोंदवायला गेली, आणि मी इथं धारवाडात निवृत्त, रिकामटेकडा मास्तर. "अप्पा, तुम्हीही एखादं घरटं बघा की," असं ती फोनवर म्हणाली आणि मला चेव आला. घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये टिटवीनं उघड्या जमिनीवर चार अंडी घातली होती. मी रोज सकाळी वही घेऊन लांब बसायला लागलो.

मुलीनं एकच बजावलं होतं, घरट्याजवळ कसलीही खूण करायची नाही. पण देवळाची आडवाट त्याच प्लॉटमधून जाते. कुणाचा पाय पडला तर? आणि जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला लेकीचं ऐकायची सवय कुठली! मी सात दगडांना चुना फासला आणि अंड्यांभोवती गोल मांडले.

चार दिवसांनी दगडांवर हळदकुंकू दिसलं. मला हसूच आलं. बरं झालं, म्हटलं, आता कुणी पाय देणार नाही.

पिल्लं निघाली त्या सकाळी मी हरखून गेलो. तीन बाहेर आली होती, अजून ओलसर, पाय काडीएवढे. चौथं अंडं हलत होतं. सगळं लिहून मी घाईघाईनं चहाला घरी गेलो. परतलो तेव्हा टिटवी डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होती. दगडांच्या मधोमध केळीच्या पानावर दहीभात होता आणि त्यावर कावळे तुटून पडले होते. पिल्लू एकही उरलं नव्हतं. अंडंही फुटलेलं.

शेजारच्या अक्का रिकामं ताट घेऊन वाटेवरच उभ्या होत्या.

"शुक्रवार म्हणून नैवेद्य ठेवला की ओ, अण्णा. देव तुम्हीच मांडलाय नव्हं?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण दगड माझे होते. मी मान हलवली आणि घरी आलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला.

"अप्पा, तुमची पिल्लं काय म्हणतात?"

"फिरतायत गं," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती म्हणाली, "आमची सगळी कोल्ह्यानं खाल्ली, अप्पा. एक नाही ठेवलं. तुमची तरी आहेत. मला रोज सांगत जा हं."

तेव्हापासून रोज सकाळी मी वहीत त्या मेलेल्या पिलांची वाढ लिहितो आणि फोन आला की तिला वाचून दाखवतो.