मायच्या कमरेएवढी ट्रॉली

आमच्या ट्रॉलीकडं नवा माणूस एकदा तरी वळून बघतो. बाकीच्या ट्रॉल्या चाकांच्या वर उभ्या असतात, आमची दोन मोठ्या चाकांच्या मधे खाली बसलेली आहे. कुणी विचारलं की दादा म्हणतो, "आमच्या बहिणीचं डोकं हाय. कॉलेजात शिकलीय ती." ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणी न विचारताही सांगते. पण ही ट्रॉली एकट्या माझ्या डोक्यातून आलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्याकडं ट्रॉली भरायची एक रीत आहे. गडी वर, बाया खाली. बाई पेंढ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीपाशी येते, टाचा उचलते आणि दोन्ही हातांनी वर देते. वरचा गडी ओढून घेतो, रचतो. कडबा असो की सोयाबीन, हेच. ट्रॉलीची उंची ठरते ती चाकांवरून आणि ट्रॅक्टरच्या हुकावरून. खाली उभ्या असलेल्या बाईचं माप कुणी घेत नाही. ते घ्यायचं असतं, हे मायचा खांदा निखळेतोवर मलाही सुचलं नव्हतं.

माय जन्मभर खालूनच देत आली. एकदा कडबा भरताना वर दिलेली पेंढी गड्याच्या हातातून निसटली. ती धरायला माय तशीच वाकडी झाली, पाय मुरगळला आणि सगळं अंग खांद्यावर येऊन तो निखळला. लातूरला नेलं. खांदा बसवून डॉक्टर म्हणाले, "हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आता नाही, पुढंही नाही." घरातल्या सगळ्यांनी एवढंच ऐकलं. मी विचारलं, "आणि खांद्याच्या खाली?" ते म्हणाले, "खाली चालेल. थोडं थोडं उचलू द्या. हात चालता राहिला पाहिजे."

पण दादानं घरी आल्यावर जाहीर करून टाकलं, "माय, आता शेताचं नाव काढायचं न्हाई. लई केलंस." बोलला ते प्रेमापोटीच.

त्यानंतर मी लातूरच्या कॉलेजातून सुट्टीला यायची तेव्हा माय ओसरीवर बसलेली असायची. सकाळी लिंगपूजा करून सगळ्यांच्या भाकरी बांधून द्यायची आणि ट्रॅक्टर निघाला की फाटकापर्यंत चालत जायची. संध्याकाळी विचारायची, "तुरीला फुलं लागली का?" दादा म्हणायचा, "लागली असतील." त्याला वाटायचं, आपण तिला आराम देतोय. एक दिवस तिच्या केसांना तेल लावत होते, तर ती म्हणाली, "मला कुणी काम सांगंना, कुणी रागं भरंना. माझ्याच घरात पाव्हणी झाले बग." तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. माय अशी बसून राहिली तर उठायची नाही, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात जुन्या ट्रॉलीचा तळ गंजून गेला म्हणून दादा नवी बांधायला निघाला. मी म्हटलं, "दादा, बुटकी बांध. मायला पेंढी डोक्यावर न घेता, कवेत धरून आणून ठेवता येईल एवढीच."

"ट्रॉली हाय का चूल, बसून भरायला?" दादा म्हणाला. पण रात्रभरात त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. सकाळी म्हणाला, "चल, मिस्त्रीला विचारू."

उदगीर रोडला ज्यांच्या वर्कशॉपात आमच्या भागातल्या निम्म्या ट्रॉल्या बांधल्या जातात, त्या मिस्त्रीचाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माप कुणाचं धरू?"

"मायचं."

"मग मायला आणा ना. तुम्हाला बगून काय करू?"

दुसऱ्या दिवशी माय, शेजारची काकू आणि कडब्याच्या चार पेंढ्या अशी वरात वर्कशॉपात पोचली. तिथं बाई यायची ती नव्या ट्रॉलीला हळद-कुंकू लावायला. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं काकूला विचारलं, "मावशी, कडबा इकायला आणला काय?"

"तुला चारायला आणलाय," काकू म्हणाली. "ये, तोंड उघड."

चाचांनी एक लोखंडी खांब उभा केला. मायनं पेंढ्या कवेत धरल्या, चालत आली, खांबापाशी थांबली. "आता ठेवायचं तर कुठं ठेवणार, आक्का? इथं? थोडं खाली?" चाचांनी विचारलं. माय आधी लाजून राहिली होती. मग एकदम म्हणाली, "इथं नगं, इथं हात दुखतो. हितं." चाचांनी खांबावर तिच्या कमरेच्या उंचीला खडूची रेघ मारली. मग काकूला उभं केलं. काकू मायपेक्षा बुटकी, तिची रेघ आणखी खाली आली. चाचा म्हणाले, "खालची धरू. उंच बाईला वाकता येतं, बुटकीला वाढता येत न्हाई."

ट्रॉली तयार झाली. तळ खाली घ्यायचा म्हणून लहान चाकं घातली होती. नारळ फुटला, गावानं हसून घेतलं, आणि सोयाबीनच्या काढणीला माय पुन्हा शेतात आली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. आमचं रान काळं, चिकट. अर्धी भरते न भरते तोच ती लहान चाकं चिखलात बसली आणि ट्रॉली जागची हलेना. सगळा माल उतरवून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "आरं, पाळण्याला दोरी बांधून वढा की!"

घरी आल्यावर मायनं विळा वळचणीला खोवला आणि म्हणाली, "माझ्यापायी तुमचा खोळंबा नगं. नेहमीसारखी उंच करून घ्या." दादाही दमलेला. "हाव, तेच करतो," म्हणाला.

तो ट्रॉली घेऊन वर्कशॉपाकडं निघाला तेव्हा मी सोबत गेले, पण वाद घालायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. चाचांनी चिखलानं लडबडलेली चाकं बघितली, ट्रॉलीभोवती फिरले. म्हणाले, "उंची बदलायची न्हाई. रेघ आक्काची हाय. चूक चाकांत झाली, अन् ती माझी." मग त्यांनी सांगितलं: चाकं मोठी घालू, पण तळ चाकांच्या वर न ठेवता मधे बसवू. तळ आहे तिथंच राहील, मोठं चाक चिखलात रुतणार नाही. "मातर बॉडी अरुंद होईल. माल कमी बसंल. खेपा वाढतील तुमच्या."

हे सगळं दादावर येणार होतं. डिझेल त्याचं, खेपा त्याच्या, दिवसभर स्टिअरिंगवर तोच. तो चाकाजवळ उकिडवा बसला, हातानं चिखल खरवडत राहिला. शेवटी उठून हात झाडत म्हणाला, "वाढू द्या खेपा. मी बसूनच तर असतो."

एवढं वाक्य मी जन्मात विसरणार नाही. वर्गात पुष्कळ मोठमोठं ऐकलं, ते सगळं एकीकडं आणि हे एकीकडं.

नव्या चाकांवर ट्रॉली आली तेव्हा सोयाबीन संपलं होतं. दादानं मायला सांगितलं नाही, नुसती फाटकाबाहेर उभी केली आणि हॉर्न वाजवला. माय बाहेर आली. तळाला हात लावला, स्वतःच्या कमरेशी लावून बघितला. "वर न्हाई केली व्हय?" "हाय तिथंच हाय," दादा म्हणाला. "चल, चढ. तुरी बगायच्या म्हणत होतीस ना?"

आता काकूही स्वतःच्या मुलाकडं अशीच ट्रॉली मागते. गावात आणखी दोघांनी बांधून घेतलीय. मिस्त्रीचाचांना मी दिवाळीला फराळ नेऊन देते, ते म्हणतात, "आक्का कशी हाय ते सांग आदी."

ती कशी आहे, हे मी फोनवर विचारायचं ठरवते. आता कडब्याचे दिवस आहेत. दुपारी लातूरहून फोन लावला तर रिंग वाजत राहते. संध्याकाळी परत लावला की माय उचलते आणि माझ्यावरच खेकसते, "कामून सारखा फोन करतीस? हात रिकामे असतात का माझे?"