लोड किती?

अख्ख्या भिवंडीत सूर्यावर विश्वास नसलेला एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. जन्मभर नारपोलीत कापडाचे लूम चालवल्यामुळे मामांना जग दोनच प्रकारचं दिसतं: मशीन आणि ती चालवणारा कामगार. कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवून ते आधी विचारतात, "लोड किती?" म्हणजे ओढायचा भार किती. आमच्या लग्नात आचाऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं होतं.

मामींची छाती लूमच्या कापसानं धरली होती. ऑक्सिजनची मशीन सतत लागायची. त्यांची एकच इच्छा होती, हर्णैला समुद्राकाठी दोन दिवस मुक्काम करायचा. तिथं लाईट गेली तर काय, म्हणून मामांनी एक जुनी मिनीबस घेतली, आत पलंग आणि ओटा बसवला आणि टपावर सोलर पॅनल चढवले. इथवर माणूस शहाणा वाटत होता. मग बॅटरीचा हिशोब सुरू झाला.

"सूर्य दिसाच्या पालीचा कामगार, जावय," मामा मला समजावत. "पावसाल्यान त्यो मुलुखाला जातंय. मंग लोड कोन उचलल?" सूर्याच्या दांड्या गृहीत धरून ते बॅटरी वाढवत गेले. बॅटऱ्यांचं वजन वाढलं म्हणून गाडीचे स्प्रिंगचे पाटे बदलले. बॅटऱ्यांना जागा हवी म्हणून ओटा गेला, मग पलंग अर्धा झाला. निजामपुऱ्याचा सोलरवाला हात जोडून म्हणाला, "चाचा, सूरज कहीं भाग नहीं रहा." मामांनी त्यालाच आणखी एक बॅटरी आणायला पिटाळलं. मी समजावून थकलो, चिडलो, शेवटी नाद सोडला.

मामी मात्र हसायच्या. "अवो, माजी येकच मशीन चालवाची हाय, कारखाना न्हाय," म्हणायच्या. एकदा अंगणात ट्रायल घेतली. मामी अर्ध्या पलंगावर पाय दुमडून बसल्या, नाकात नळी, खिडकीसमोर शेजारच्या गोदामाचा पत्रा. मशीन छान चालली. "आता जरा फाटकापावत तरी नेवा," त्या म्हणाल्या. मामा मीटरवरून नजर न काढता म्हणाले, "आदी ट्रायल पुरी होऊं दे." मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला होता. ट्रायल पुरी व्हायच्या आत मामी गेल्या.

परवा भेटायला गेलो. वाटलं, गाडी विकली असेल. मामा शिडीवर उभे राहून पॅनलवरची कापसाची धूळ पुसत होते. गाडी जागची हलली नव्हती, चाकांभोवती गवत वाढलं होतं. त्यांचाच प्रश्न माझ्या तोंडातून गेला, "मामा, लोड किती?"

ते सावकाश खाली उतरले आणि आतला मीटर मला दाखवला.

"बॅटरी फुल्ल हाय, जावय," ते म्हणाले. "लोडच न्हाय ऱ्हायला."

मग फडकं झटकून पुन्हा शिडी चढू लागले. मी खालून शिडी धरली.