न धुतलेला टी-शर्ट

माझं नाक फार तिखट आहे. फ्रीजमधली काकडी खराब व्हायला लागली की मला स्वयंपाकघराच्या दारातच कळतं, आणि मग घरच्यांची खैर नसते. इथे आखातात, मुऐदरमधल्या आमच्या घरात मांजर आलं ते माझ्या मनाविरुद्ध, लेकीच्या हट्टापायी. ऑगस्टमध्ये लेक इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, हॉस्टेलवर. मांजर माझ्या गळ्यात पडलं.

लेक गेल्यावर ते तिच्या पलंगावर, तिच्या पिवळ्या टी-शर्टवर झोपायला लागलं. निघायच्या दिवशी तिनं तो अंगातून काढून तसाच टाकला होता. महिना झाला तरी मी तो धुतला नव्हता. मांजरासाठी ठेवलाय, असं मी नवऱ्याला सांगायचे. खरं म्हणजे दुपारी चादर सारखी करायला गेले की मीही तो एकदा नाकाला लावत असे.

आमचा व्हिला म्हणजे एका मोठ्या घराचे पाडलेले चार भाग. चौघांची मिळून अंगणात मैल्याची एक टाकी आहे, ती उपसायला टँकर येतो. त्या दिवशी टँकरवाल्यानं पाइप गुंडाळला, "खलास, मॅडम" म्हणाला आणि झाकण लावायला वळला, तेवढ्यात हे शहाणं मांजर आत डोकावायला गेलं आणि पडलं. बिचाऱ्यानं बादली सोडून त्याला वर काढलं. वर आल्याबरोबर ते जे सुटलं ते उघड्या दारातून थेट लेकीच्या खोलीत, थेट त्या टी-शर्टवर.

तो वास कसा होता हे मी लिहिणार नाही. मला ओकारी आली आणि मांजराचा इतका राग आला की काय सांगू.

मी त्याला टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये कोंडलं आणि जंतुनाशकाची बाटली काढली. घरात काहीही घाण झालं की माझा हात तिकडेच जातो. शिवाय पाण्यात निलगिरीचं तेल घालावं, असाही विचार होता. लेकीला व्हिडिओ कॉल लावला तो खरं तर कुरकुर करायला. एरवी मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. पण माझ्या हातातली बाटली बघून ती केवढ्यानं तरी ओरडली, "आई, नको! ते चाटेल आणि मरेल!"

मग मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं. जंतुनाशक नाही, निलगिरी नाही, कापूर नाही, अत्तर तर नाहीच. मांजर अंग चाटतं, त्यामुळे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. लहान बाळाचा बिनवासाचा शाम्पू घ्या, पाणी कोमट ठेवा, डोळ्यांना आणि कानांना सांभाळा, दोनदा धुवा आणि शाम्पूचा कण राहणार नाही इतकं खळखळून काढा.

कोमट पाणी म्हणायला सोपं. इथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की थंड नळाला चटका बसणारं पाणी येतं. म्हणून आम्ही चार महिने गीझर बंद ठेवतो. त्यातलं पाणी घरात राहून निवतं, आणि गार पाणी हवं तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. त्या गडबडीत मी नेमका दुसरा सोडला. नशीब, आधी माझाच हात खाली होता.

दोन्ही हातांवर बोचकारे घेऊन मी मांजर धुतलं. नवऱ्यानं मान धरली आणि तोंड फिरवलं. तासाभरानं मांजराला शाम्पूशिवाय कसलाही वास उरला नाही. तो टी-शर्ट, चादर, टॉवेल, सगळं मी सोड्यात भिजवून मशीनला तीनदा लावलं. धुताना वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

त्या रात्रीपासून मांजरानं खाणं सोडलं.

धुतलेला टी-शर्ट पुढे ठेवला तर ते हुंगायचं आणि पलंगाखाली जाऊन बसायचं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाइन लावलं आणि स्पष्ट सांगितलं की पोटात काही गेलेलं नाही, पण मांजर असं उपाशी राहिलं तर लिव्हर खराब होतं आणि मग हातात काही राहत नाही. पातळ खाणं सिरिंजनं भरवा आणि त्याच्या ओळखीच्या वासाचं काहीतरी जवळ ठेवा. मी घरभर शोधलं. इतकी वर्षं मी इतकं स्वच्छ घर ठेवलं होतं की लेकीच्या वासाची एक चिंधी कुठे सापडेना. माझा मलाच संताप आला.

आखाती देशातल्या माणसांकडे यावर एकच तोडगा असतो : तिकडून कोण येतंय? नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण पुण्याला गेले होते, दोन दिवसांनी परतणार होते. लेकीनं अंगातला, तीन दिवस घातलेला टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कोथरूडला त्यांच्या घरी दिला. आपल्या मुलीचा घामट कपडा परक्या माणसाच्या बॅगेत द्यायचा, या कल्पनेनं मी अर्धमेली झाले होते. त्यांना फोनवर एवढंच सांगितलं, "जरा अर्जंट आहे."

ते दोन दिवस मी चार-चार तासांनी मांजराला मांडीत घेऊन सिरिंजनं भरवत होते. ते अर्धं गिळायचं, अर्धं माझ्या गाऊनवर थुंकायचं. मेलं तर लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

शुक्रवारी ते गृहस्थ आले. पिशवी उघडली. आत टी-शर्ट होता, घडी घातलेला, कडक इस्त्रीचा.

"आईनं धुऊन दिला," ते कौतुकानं म्हणाले. "म्हणाली, पोरीचा कपडा असा मळका कसा पाठवायचा? हॉस्टेलवर बिचारीला वेळ मिळत नसेल."

मी त्यांना चहा दिला, चिवडा दिला. त्यांच्या आईवर रागावणार तरी कशी? मीही हेच केलं असतं. ते गेल्यावर लेकीच्या पलंगावर बसून आधी हसले आणि मग ढसाढसा रडले. मांजरासाठी नुसतं नाही, ते मला तेव्हाच कळलं. आणि मग, का ते ठाऊक नाही, तो टी-शर्ट मी गाऊनवरून अंगात चढवला.

तसाच घालून भरवलं, फोडण्या दिल्या, कणीक मळली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या पलंगावर आडवी झाले होते. मांजर पलंगाखालून निघालं, वर आलं, माझ्या पोटावरचा टी-शर्ट बराच वेळ हुंगत राहिलं आणि तिथेच बसलं. संध्याकाळी वाटीतलं खाणं त्यानं आपणहून खाल्लं.

मी लगेच लेकीला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं, तुझ्या टी-शर्टला आता लसणाचा आणि माझ्या घामाचा वास येतोय, हेही सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

पण ती मराठीत म्हणाली, "आई, तो मला परत पाठव ना कोणाबरोबर तरी. पण धुवू नकोस."