भुताचा सदरा धुतंय कोण?

जिंतूरच्या स्टँडवर परभणीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. येलदरीच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर समोर आले आणि म्हणाले, "बाई, इंदू सिस्टर गेल्या. तुमाला कळलं न्हाई का?" मला रडू आलं नाही. कशानं गेली, जवळ कोण होतं, तुम्हाला कुणी सांगितलं, असं एकामागून एक विचारत राहिले. ते बिचारे गांगरले. "झोपेतच गेल्या… तेरावा बी झाला," एवढंच बोलून निघून गेले. प्रत्येक गोष्ट अशी उलटीपालटी करून पाहायची खोड मला लावली, ती इंदूनंच.

येलदरीच्या धरणाखाली आमची वसाहत होती. मी तिथल्या शाळेत मास्तरीण, इंदू दवाखान्यात नर्स. आमच्या क्वार्टरांमध्ये अंगणाची एकच भिंत. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा दिगंबरराव बांधकामाच्या एका गुत्तेदाराकडं मुकादम होते. कामं लांब, विदर्भाकडं असतात असं सांगायचे. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या संध्याकाळी न कळवता उगवायचे, मोसंबी घेऊन, बोलण्यात सगळी मिठास घेऊन. दोन दिवस त्या घरात हसणं ऐकू यायचं. मग ते जायचे आणि इंदू पुन्हा वाट बघायला लागायची.

त्या वाट बघण्यात तिला एका पुस्तकमालिकेचा आधार होता. वसाहतीच्या वाचनालयात दर महिन्याला त्या मालिकेचा नवा भाग यायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी मेलेला रणधीर दर अमावास्येला आपल्या यामिनीला भेटायला येतो आणि उजाडायच्या आत जातो… एवढीच गोष्ट, पण वर्षानुवर्षं चाललेली. आधी इंदू वाचायची, मग मी, आणि भांडी घासता घासता भिंतीवरून चर्चा. यामिनीसाठी इंदूच्या डोळ्यांत पाणी यायचं. दिगंबररावांना हे कळल्यावर तेही येताना नवा भाग आणायला लागले. वाचनालयाच्या आधी तो आपल्या हातात पडतो याचा इंदूला केवढा तोरा होता.

मग विद्यापीठाच्या नामांतराची दंगल झाली. एसट्या बंद पडल्या. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या, पाठोपाठ जखमी माणसं यायची, आणि इंदू दिवसदिवस दवाखान्यातून हलायची नाही. गाड्या सुरू झाल्यावर वाचनालयात मालिकेचे दोन भाग एकदम आले. तिनं ते पाठोपाठ वाचले आणि भिंतीशी आली. चेहरा काही वेगळाच दिसत होता.

"बाई, एक सांगा. ह्यो रणधीर मेलाय ना? मग दर खेपंला पांढराशुभ्र सदरा घालून येतोय, तो सदरा धुतंय कोण?"

मी हसले. "अहो, भूत आहे ते."

"आसू दे की भूत. इस्त्री कोण करतंय? आन ही बया त्याला इचारत कशी न्हाई, बाकीचे दिवस तू कुठं आसतोस म्हणून? दोन्ही भागांत त्यानं एकच थाप मारलीय. एका दमात वाचलं म्हणून कळलं. महिना गेला की आपण इसरतो."

त्या दिवसापासून तिचं मालिकेवरून मनच उडालं. भाग आला तरी आठवडा-आठवडा उघडायची नाही. उघडला तर रणधीरच्या एकेका वाक्यात खोट काढायची. मला राग यायचा. माझं वाचणंही तिनं नासवलं, असं वाटायचं. गोष्ट ती गोष्ट, तिला काय पोलिसासारखं तपासायचं?

त्यानंतर दिगंबरराव आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा सदरा धुवायला घेतला आणि इंदूचा हात थांबला. मी अंगणातच होते. झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवलेली होती. "ही कुणी उलटवली?" तिनं शांतपणे विचारलं. "शिंप्यानं. आनखी कोण?" ते हसत म्हणाले. "शिंपी मशीन मारतोय. ह्यो हातचा टाका हाय." ते आणखी हसले, तिच्या नजरेचं कौतुक करायला लागले. इंदूनं सदरा पिळला, वाळत घातला, आणि त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा हातात नवा भाग होता. इंदू उंबऱ्यात उभी राहिली. त्यांना ओसरीतच खुर्ची दिली, पाहुण्याला देतात तसा चहा दिला. "पुस्तक नको मला. वाचत न्हाई मी ते आता."

"आगं, शेवट काय होतो ते बघायचं न्हाई का?"

"शेवट करनारच न्हाईत ते. यामिनी दार उघडायलीय तवर तो यायलाच." मग जरा थांबून म्हणाली, "तुमची शेवटची गाडी हाय आता. निघा."

ते खरंच निघाले. मला वाटलं होतं, महिन्याभरात ती विरघळेल. आणि झालंही तसंच, असा मला पुढं संशय आला. ती अधूनमधून रजा काढून नांदेडच्या वाटेवरच्या चुडाव्याला जायला लागली. विचारलं तर म्हणायची, "वळखीचं बाळंतपण हाय." एकाच गावात किती बाळंतपणं? तो तिथं कुठंतरी राहत असणार आणि ही चोरून भेटत असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. तिला तोंडावर कधी विचारलं नाही, पण माझं बोलणं तुटक झालं. पुढं माझी परभणीला बदली झाली. इंदूनं जिंतुरात दोन खोल्यांचं घर घेतलं. भेटी कमी होत गेल्या…

स्टँडवरून मी तशीच त्या घरी गेले. दार एका अनोळखी बाईनं उघडलं. चाळिशीच्या आतली, अंगानं किरकोळ. इंदूच्या भावजयीला मी ओळखत होते. ही ती नव्हती.

"तुमी येलदरीच्या बाई ना?" ती म्हणाली. "सिस्टर लय सांगायच्या तुमचं. मी चुडाव्याची. सिस्टर गेल्यापास्नं हितंच हाय."

मी आत जाऊन बसले. मग तिनंच सांगितलं. "मालकांच्या खिशात आमच्या ठेसनाचं तिकीट सापडलं म्हने सिस्टरला. पत्ता काढत आल्या. मी पोटुशी हुते. मला वाटलं आता भांडतेत… तर म्हनल्या, नाव घातलंय का दवाखान्यात? माझं बाळंतपन त्यांनीच केलं. पोरीची सगळी दुखणीबी त्यांनीच काढली."

"आणि दिगंबरराव?" मी विचारलं.

"हुते येत. मलाबी पुस्तकं आनायचे, मोसंबी आनायचे. सिस्टर म्हनल्या, बाकीचे दिवस कुठं आसतेत ते इचार. इचारलं. दोन-चारदा इचारल्यावर आपसूकच बंद झाले यायचे. तिसरं दार गावलं आसंल कुठंतरी."

बोलता बोलता ती आत गेली. खोलीत इंदूची खाट, खुंटीवर तिची पांढरी साडी, आणि मी. इतकी वर्षं एका भिंतीपलीकडं राहून मला यातलं काहीच कळलं नव्हतं. इंदूनं मला का सांगितलं नाही? माझ्यावर तिचा भरवसा नव्हता का, की माझा तिच्यावर नाही हे तिनं ओळखलं होतं? आता कुणाला विचारणार…

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली आणि कप माझ्या हातात देत म्हणाली, "आलं जास्त घातलंय. सिस्टर म्हनायच्या, बाईंना तसाच लागतो."