दांड्याची वजावट

सुपडूनानांशी मी दोन वर्षं बोलले नाही. समोरून आले की रस्ता बदलायची. आज मात्र बोलले, कोर्टाच्या पायरीवर, बठ्ठ्या लोकांसमोर, सगळ्यांदेखत.

फैजपूरकडच्या आमच्या गावात नाना चाळीस वर्षं केळी मोजतात. घड काट्यावर चढला की आधी दांड्यासकट वजन मोठ्यानं पुकारायचं, दांड्याची वजावट सगळ्यात शेवटी करायची, मग पावती फाडायची. शेतकरी असो की व्यापारी, नानांच्या काट्यावर कोणी कधी शंका घेतली नाही.

दोन वर्षांपूर्वी पोलिसांनी आमच्या शेतातल्या खोपटातून दोन पोती काढली. गांजाची झाडं. माझा नवरा जीवराम ओढायचा, खोटं कशाला बोलू? बांधावर उगवलेली झाडं त्यानं मुळासकट उपटून पोत्यात कोंबली होती. मी शंभरदा डोकं फोडलं त्याच्यापुढे, ऐकेल तर शपथ! चूक केली, शिक्षा व्हावी. पण केली तेवढ्याचीच ना?

पोलिसांनी पंच म्हणून नानांना काट्यासकट बोलावलं. नानांनी सवयीनं पुकारा केला, "तेवीस किलो!" ओली माती, मुळं, जाड खोडं, सगळं धरून. फौजदारांनी तेवीस लिहिलं आणि कागद पुढे केला.

"वजावट राहिली, साहेब."

"ती नंतर होईल. सही करा."

नानांच्या धंद्यात वजावट नंतरच होते. त्यांनी सही केली.

वकिलानं समजावलं तेव्हा मला खरं कळलं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; मुळं नाहीत, माती तर नाहीच नाही. नुसते शेंडे मोजले असते तर चार-पाच किलो भरले असते, जामीन मिळाला असता. वीस किलोच्या वर गेलं की धंद्याचा माल धरतात. मग जामिनाचं नाव काढायचं नाही आणि शिक्षा दहा वर्षांच्या खाली नाही. पुन्हा मोजा म्हटलं, तर माल नियमाप्रमाणे जाळून टाकलेला! उरली फक्त नानांची सही.

गेल्या महिन्यात नाना साक्षीला उभे राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं, "सही तुमचीच?"

"माझीच."

"वजन तेवीस किलो?"

"दांड्यासकट तेवीस. वजावट केलीच नाही कोणी. चिखलाला गांजा म्हणता का, साहेब?"

झालं! साक्षीदार फितूर, म्हणाले. फितूर! ज्या माणसानं जन्मात कधी काटा मारला नाही तो फितूर, आणि चिखल मोजणारे हरिश्चंद्र! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं मी भलत्याच माणसावर दात खात होते.

आज निकाल लागला. दहा वर्षं. कागदावर सही आहे, वजावटीचा शब्द नाही, म्हणून.

गाडीत चढताना जीवराम नानांना एवढंच म्हणाला, "नाना, माझा दांडा वजा करायचा राहिला."

नाना पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी त्यांच्या दंडाला धरलं.

"उठा नाना. रडायचं नंतर. वरच्या कोर्टात जायचंय. वकिलाला सांगा, या खेपेला पहिली ओळ वजावटीची लिही."