केसाएवढी जखम

गल्लीच्या तोंडाशी केस कापण्याचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे फटाफट म्हणत. कात्री हातात आली की ती थांबायची नाही, आणि तोंडही. साखरेचा आजार बरीच वर्षं सोबतीला होता; गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर राहिली. “मला साधी सर्दीसुद्धा होत नाही,” असं तो खुर्चीतल्या प्रत्येकाला ऐकवायचा.

कापलेला केस कधीकधी सुईसारखा कातडीत शिरतो. तसाच एक बारीक केस त्याच्या उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात रुतला. असले केस त्यानं आयुष्यभर चिमट्यानं उपटून टाकले होते. हा अर्धा आतच तुटला. दुखलं फारसं नाही, म्हणून त्यानं लक्षही दिलं नाही.

दोन-चार दिवसांनी शाळेतले कसरतीचे मास्तर दाढीला बसले. फटाफटनं गालाला हात लावताच ते दचकले.

“अरे, हात आहे की तवा?”

“थोडी कणकण आहे, मास्तर. मान वर करा.”

“मान राहू दे, हात दाखव आधी!”

तळवा टम्म फुगला होता आणि मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढत होती. साबण लावलेली दाढी तशीच ठेवून मास्तरांनी त्याच्या बायकोला हाक मारली. ती वरच्या मजल्यावरून धावत आली.

“अहो, काल विचारलं तर म्हणालात काही नाही!”

“दुखतच नव्हतं गं.”

इस्पितळातही तो तेच म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली आणि ते वाक्य धरलं. “दुखत नव्हतं, तिथंच फसलात. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा बधिर होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडायच्या, त्या सुस्तावतात. उशिरा पोचतात, पोचल्या तरी नीट लढत नाहीत. त्यात जंतूंचा जोर वाढला की साखर आणखी चढते. आता लगेच हात उघडून पू काढायला हवा.”

“बोटं राहतील ना?” पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला.

“आत्ता आलात म्हणून राहतील असं वाटतंय. उद्यावर ढकललं असतं, तर मी हाताबद्दल नाही, जिवाबद्दल बोलत असते.”

बोटं राहिली. शस्त्रक्रिया दोनदा करावी लागली, शिरेतून औषधं गेली, इन्सुलिन सुरू झालं. जखम भरायला मात्र इतका वेळ लागला की फटाफट हे नाव त्यालाच खटकू लागलं. बायकोनं इन्सुलिन टोचायला शिकून घेतलं आणि त्यालाही शिकवलं. पहिल्यांदा स्वतःच्या पोटात सुई घालताना त्यानं डोळे मिटले. “लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवता तेव्हा नाही मिटत!” असं म्हणून ती इतकी हसली, की पुढच्या वेळी त्यानं मुद्दाम तिच्याकडे बघतच टोचून घेतलं.

हाताचे व्यायाम करूनही मधलं बोट पुरतं वाकेना. त्यानं कात्रीची पकड बदलली आणि घरातल्या जुन्या उशीच्या झालरीवर सराव केला. झालर संपली तेव्हा हात बसला होता.

दुकान उघडलं त्या सकाळी पहिले मास्तरच आले. फटाफटनं दोन्ही हात उजेडात उलटसुलट निरखले, हातमोजे चढवले.

“जमेल ना रे?” मास्तरांनी विचारलं.

“बोट वाकत नाही, मास्तर. तुम्ही मान वाकवा.”

आणि कात्री चालू झाली.