आत्याने उघडलेले मिक्सर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, माझ्या आत्यावर आणि डिंडोलीच्या मुलींवर अन्याय झाला. तो सांगणारच आहे, पण आधी आत्या कळायला हवी. अख्ख्या सुरतेत तिच्याइतके मिक्सर कुणी उघडले नसतील, आणि उघडे टाकून तिच्याइतक्या शांतपणे कुणी चहा प्यायलं नसेल.

आत्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. पर्समध्ये कंगव्याशेजारी स्क्रूड्रायव्हर. चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे स्वयंपाकाचं विचारत होते, हिने विचारलं, "फ्यूज बदलता येतो का गं?" मुलगी हो म्हणाली आणि आत्याने लग्न ठरवूनच टाकलं. रविवारी ती डिंडोलीच्या वस्तीत आपल्या खान्देशी लोकांच्या घरांत शिरायची, दहावीतली मुलगी शोधायची आणि त्याच घरचा मिक्सर तिच्यापुढे खोलून ठेवायची. स्वतःचा कधीच नाही. "पुढच्या रविवारपर्यंत जोड. अडलीस तर कॉलेजात माझ्या वर्कशॉपमध्ये ये." मग आठवडाभर त्या घरात चटणी बंद. अशाच एका दहावीतल्या वैशालीची आई गल्लीतून ओरडायची, "मॅडमबेन, पहिले मना मिक्सर जोडी द्या, मंग पोरले इंजिनिअर करा." आत्या म्हणायची, "तीच जोडेल. तोवर खलबत्ता आहे ना?" वैशालीने जोडला. उलटा फिरायला लागला, पण फिरला. आत्याने पेढे वाटले.

डिप्लोमा झालेल्या मुलींची नोकरीच्या मुलाखतीची तयारी ती लूमच्या कारखान्याच्या दारात उभं करून घ्यायची. आत माग धडधडताहेत, इकडे पोरगी घसा ताणून स्वतःची ओळख सांगतेय. "इथे ऐकू आलं तर कुठल्याही साहेबाला ऐकू जाईल," हे तिचं शास्त्र. तिच्या मुली मग खऱ्या साहेबापुढेही ओरडूनच बोलायच्या, हा एक तोटा होता खरा.

तर त्या रविवारी ती नेहमीसारखी मुलींना वर्कशॉप दाखवायला घेऊन गेली. वैशालीचे वडील पहिल्यांदाच सोबत होते, पोरगी दहावीनंतर डिप्लोमाला कुठे शिकणार ते बघायला, रात्रपाळीवरून तसेच. कॉलेजच्या फाटकाला कुलूप. आत एसी हॉलमध्ये बाहेरून बोलावलेला एक टायवाला कॉलेजच्या मुलांना मुलाखतीत हसायचं कसं ते शिकवत होता. प्रिन्सिपल साहेब फाटकापर्यंत आले आणि जाळीतूनच म्हणाले, "मॅडम, आपल्याला आउटरीच हवंय, गर्दी नको." आउटरीचचे, म्हणजे वस्त्यांपर्यंत पोचल्याचे, फोटो दुपारी कॉलेजच्या पानावर झळकले. त्यांत डिंडोलीचं कुणी नव्हतं.

वैशालीच्या वडिलांनी वाद घातला नाही. "चाल बेटा, आठे आपलं काम नही," फाटकाकडे हात करून एवढंच म्हणाले. वैशाली आता घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते आणि डिप्लोमाचं नाव काढत नाही. ॲडमिशन अजून सुरू व्हायच्या आहेत, तरी काढत नाही.

आत्या कॉलेजात जाते, शिकवते, परत येते. रविवारी झोपते. परवा आमचा मिक्सर बंद पडला. मी मुद्दाम तो तिच्यापुढे ठेवला, शेजारी स्क्रूड्रायव्हर. तिने त्याच्यावरून नुसता हात फिरवला. "दुकानात देऊन टाक रे," म्हणाली, "लवकर होईल."

दुकानात दिलेला नाही. येत्या रविवारी दहा वाजता तुमच्या मुलीला घेऊन त्या फाटकाशी या. वैशालीच्या वडिलांना मी सांगून आलोय. येताना घरचा मिक्सर आणा, फाटकाबाहेरच खोलू. आत्याला मी आणतो.